मेंदूतली रसायनं आठवणी कशा तयार करतात? स्मरणशक्तीसाठी काय खावं?

'काय खावं' हे वाचलं आणि राहवलं नाही. याच प्रश्नावरून दादाची आणि माझी अजून धुसफूस चालते.

अण्णा सोलापुरात चादरीच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारे, होते. कुठल्या मागावर नक्षी विणणारं कुठलं जकार्ड चढवलं होतं, ते म्हातारपणीही धडाधड सांगायचे. मग लघवीच्या त्रासासाठी ऑक्सिब्युटिनिन सुरू झालं. सर्दीची क्लोरफेनिरामाइनवाली गोळी आधीपासून होतीच. थोड्याच दिवसांत जेवून हात धुतले की विचारायला लागले, "आज जेवायला उशीर का गं?" दुपारी गड्ड्याच्या जत्रेत फिरून आले आणि संध्याकाळी म्हणाले, "यंदा गड्ड्याला नेलं नाहीस." जुनं सगळं शाबूत, नवीन काही टिकेना. दादाचं निदान तयार: वय झालं. उपाय: बदाम आणि कसलंसं टॉनिक.

मी घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून फिजिशियनकडे नेल्या. त्यांनी या दोन लगेच बाजूला काढल्या. दोन्ही ॲसिटिलकोलिन या मेंदूतल्या निरोप पोचवणाऱ्या रसायनाचं काम अडवतात, आणि नवीन गोष्ट नोंदवून घ्यायला हिप्पोकॅम्पसला, म्हणजे मेंदूतल्या आठवणी नोंदवणाऱ्या भागाला, ते लागतं. धोतऱ्याची विषबाधा झालेल्याला मधलं काही आठवत नाही, ते याचमुळे. अल्झायमरमध्ये देतात ते डोनेपेझिल याच्या उलट, ॲसिटिलकोलिन लवकर मोडू देत नाही. एक गोळी बंद झाली, दुसरी बदलली. महिना-दीड महिन्यात अण्णा बरेच ताळ्यावर आले.

तुमच्या प्रश्नातल्या रसायनांपैकी दुसरा गडी ग्लुटामेट, हाही पेशींमधे निरोप पोचवतो. तो पेशीवरच्या ज्या दारांवर काम करतो त्यातल्या एनएमडीए रिसेप्टर नावाच्या दाराच्या तोंडाशी मॅग्नेशियमचं बूच असतं. निरोप घेणारी पेशी आधीच चेतलेली असेल तरच ते हटतं, कॅल्शियम आत शिरतं आणि त्या दोन पेशींमधला दुवा पक्का होतो. असा पक्का झालेला दुवा ब्लिस आणि लोमो या संशोधकांनी 1973 मध्ये सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये दाखवला. डोपामिन वगैरे बाकीच्या रसायनांवर दुसरं कोणी लिहील.

खाण्याचं म्हणाल तर ताटातलं ग्लुटामेट सरळ मेंदूत जात नाही, रक्त आणि मेंदू यांच्यात पहारा असतो. टॉनिकवर पैसे घालवू नका. घरच्या म्हाताऱ्यांच्या गोळ्या एकदा एकाच डॉक्टरला एकत्र दाखवा.

हां, हे वाचून कुणाची गोळी परस्पर बंद करू नका. आणि प्रत्येक विसराळूपणा गोळीमुळे नसतो. बी-12 आणि थायरॉइड तपासून घ्या. बी-12 खरंच कमी असेल तर ते घ्यावंच लागतं, तिथे मी दादाशी भांडणार नाही.

दादा अजून सांगत फिरतो की बदामांनी गुण आला. ते बदाम माझ्या पोरानं संपवले.