गांजाचा धंदा, करार आणि वकिलाजवळची गुप्तता

प्रश्न : कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोच्या एका परवानाधारक गांजा दुकानाला मी रीतसर कागद करून कर्ज दिलं. आता मालक म्हणतो, अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात हा धंदाच गुन्हा, म्हणून करार रद्दबातल. माझे पैसे बुडाले का?

उत्तर : एवढ्यावर बुडत नाहीत. राज्याचे आणि स्थानिक नियम पाळून चाललेला गांजाचा व्यवसाय हा कराराचा वैध विषय आहे, असं कॅलिफोर्नियाच्या दिवाणी संहितेचं कलम १५५०.५ सांगतं. हा बचाव जुनाच आहे. कोलोरॅडोत २०१२ साली एका न्यायालयाने तो मान्य केला आणि माल देणाऱ्याच्या हाती काहीच लागलं नाही. पुढच्याच वर्षी तिथल्या विधिमंडळाने कायदा करून ही पळवाट बुजवली. तुमचं सगळं परवान्यावर अवलंबून आहे. कर्ज दिलं तेव्हा राज्याचा परवाना आणि शहराची मंजुरी दोन्ही होत्या ना? त्यांच्या प्रती आजच मिळवा.

प्रश्न : आम्ही असं दुकान काढतोय. वकिलाला सगळं सांगावं का? उद्या तेच आमच्यावर उलटलं तर?

उत्तर : सगळं सांगा. अर्धवट माहितीवर मिळालेला सल्ला तुम्हालाच गोत्यात आणतो. तुमची भीती मात्र निराधार नाही. गुन्हा करण्यासाठी वकिलाची मदत घेतली, तर गुप्ततेचं संरक्षण (वकिलाला सांगितलेलं न्यायालयात उघड न होण्याचा हक्क) उरत नाही. केंद्रीय कायदा धरला, तर दुकानाचा साधा भाडेकरारसुद्धा या अपवादात ओढता आला असता. म्हणून २०१८ पासून कॅलिफोर्नियाच्या पुरावा संहितेच्या कलम ९५६ मध्ये सूट आली : राज्याच्या कायद्यानुसार चालणाऱ्या गांजा व्यवसायासाठी घेतलेला सल्ला गुप्त राहतो. अट अशी की, केंद्रीय कायद्याशी कुठे विरोध येतो हे वकिलाने तुम्हाला सांगितलेलं असलं पाहिजे. नेमणुकीच्या पत्रात तसा परिच्छेद आहे का ते बघा. नसेल तर मागून घ्या. तो ठरावीक छापील मजकूर वाटतो, पण तुमची ढाल तोच आहे.

ही ढाल राज्याच्या कायद्याने दिलेली आहे. केंद्रीय फौजदारी खटल्यात गुप्ततेचे नियम केंद्राचे लागतात, तिथे तिचा भरवसा धरू नका. रोकड लपवण्यासाठी घेतलेला सल्ला तर कुठेच सुरक्षित नाही. आणि कृपा करून वकिलाचा ई-मेल भागीदार, मेहुणे, मित्र असलेल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. परक्यांना वाचायला दिलेलं गुप्त होतं, असं नंतर सांगणं फार जड जातं.

प्रश्न : माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, लवकरच नागरिकत्वाचा अर्ज करणार आहे. अशा दुकानात भागीदारी घेऊ का?

उत्तर : नको. राज्यात कायदेशीर असला, तरी गांजाशी संबंधित व्यवहार नागरिकत्वासाठी लागणाऱ्या ‘सच्चारित्र्या’च्या आड येऊ शकतो, असं इमिग्रेशन खात्याने एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट केलं. आधी इमिग्रेशन वकिलाला भेटा.

प्रश्न (पुणे) : आपल्याकडे अशा कराराचं काय?

उत्तर : १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याने मनाई केलेल्या व्यवहाराचा करार भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २३ खाली शून्य ठरतो; न्यायालय वसुली करून देणार नाही. गुप्ततेचा नियम आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. ‘मी बनावट दस्त केला, माझा बचाव करा’ असं अशिलाने सांगितलं तर ते गुप्त राहतं. ‘बनावट दस्तावर मला जमिनीचा ताबा मिळवायचाय, दावा लावा’ असं सांगितलं तर राहत नाही.