गुरुत्वीय लहरी आणि लहरी पाऊस

वसमतहून एका वाचकाने विचारलंय: औंढा नागनाथजवळ लायगोची, म्हणजे दूरच्या अवकाशातून येणाऱ्या लहरी टिपणाऱ्या प्रकल्पाची, वेधशाळा व्हायची आहे. तिच्या बातम्यांत कुठे ‘गुरुत्वाकर्षण लहरी’ येतं, कुठे ‘गुरुत्वीय लहरी’, कुठे ‘गुरुत्व तरंग’. यातलं कोणतं घ्यावं? आणि माझी मुलगी विचारते, ‘लहरी पाऊस’ म्हणतो तीच का ही लहरी?

मुलीचा प्रश्न फार चांगला आहे, म्हणून आधी तोच घेतो. शब्द दोन आहेत. भिंत–भिंती, तशी लहर–लहरी, हे अनेकवचन. पावसातला ‘लहरी’ हे विशेषण, शहर–शहरी अशा घडणीचं. मूळ मात्र एकच. पाण्यावर लहर उठते आणि विरते, तशी मनातही. साप चावलेल्या माणसाला ‘लहरी येतात’ म्हणतात, तेही त्यातूनच. मृग कोरडा घालवून भलत्याच वेळी कोसळणाऱ्या पावसाला लहरी कोणी म्हटलं असेल, त्याला भाषेची जाण होती.

आता नाव. माझं मत ‘गुरुत्वीय लहरी’ला. ‘गुरुत्वाकर्षण लहरी’ चूक नाही, पण ‘आकर्षण’ ऐकलं की ही लहर वस्तूला ओढून घेते असं वाटतं. प्रत्यक्षात ती अवकाश, म्हणजे जागाच, एका दिशेला ताणते, आडव्या दिशेला आकसते आणि लगेच उलट. म्हणून तर लायगोला काटकोनात दोन भुजा लागतात, प्रत्येकी ४ किलोमीटरची. एक लांबते तेव्हा दुसरी आखडते, आणि हा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असू शकतो! १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या दोन वेधशाळांनी पहिल्यांदा टिपली ती लहर सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एक झाली तेव्हाची.

नुसतं ‘गुरुत्व लहरी’ टाळा. पाण्यात किंवा हवेत वर उचललेला थर गुरुत्वामुळे खाली येतो, पुन्हा वर जातो. त्या लहरींसाठी हे नाव राखून ठेवलेलं बरं. ‘तरंग’ला माझी हरकत नाही, पण एका लेखात एकच शब्द ठेवा. ‘लाट’ मात्र नको. थंडीची लाट, उन्हाची लाट अंगावर येते, कळते. ही आपल्या अंगातून आरपार जाते आणि पत्ता लागत नाही.

मुलीला बारवेत खडा टाकून लहरी जरूर दाखवा. फक्त एवढं सांगा की तिथे पाणी हलतं, इथे जागाच हलते.