सप्ताहात पहिल्यांदा उभी राहणार आहेस ना?

शाळेच्या लेखक-कलावंत सप्ताहात बोलायला तुला नाटककार विष्णुदास भावे आलेत, हे ऐकून फार बरं वाटलं. आठवीत मलाही तेच आले होते. मी जन्मसाल, गाव, पुरस्कार असं सगळं पाठ केलं आणि तिसऱ्या वाक्याला अडकले. तू तसं करू नकोस. 1843 साली आपल्या सांगलीत त्यांचं 'सीतास्वयंवर' नाटक झालं, एवढं सांग आणि पुढे तो खेळ कसा चालायचा ते दाखव. सूत्रधार पदं म्हणायचा, पात्रं आपापलं बोलणं ऐनवेळी जुळवायची. हातात छापील संवाद नाहीत! वर्गातल्या दोघांना उभं कर, तू सूत्रधार हो. मुलं लगेच गप्प होऊन बघतात.

नाटककार गो. ब. देवलांवर बोलणाऱ्या मैत्रिणीला घेऊन एकदा हरिपूरला जा. त्यांचं गाव ते. तिथल्या कृष्णा-वारणेच्या संगमावर मोठ्यानं बोलून बघा, वाऱ्यात आवाज किती लावावा लागतो ते कळतं. (आईला सांगून जा, आणि पाण्यात उतरू नका.)

पोशाखाचं फार मनावर घेऊ नकोस, धोतर आजोबांचं चालेल. कागद मात्र खिशातच ठेव. अडकलीस तर थांब, श्वास घे. शेवटच्या बाकावर मी असेन, माझ्याकडे बघ.