भावाच्या केससाठी गुप्तहेर नेमावा का?

प्रश्न : धाकट्या भावावर हणजूणला झालेल्या मारामारीत गंभीर दुखापतीचा गुन्हा दाखल झाला आहे. त्या वेळी तो म्हापशाच्या बाजारात माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या सजावटीचं, सामान घेत होता. एक खासगी गुप्तहेर फिर्यादीचे कॉल रेकॉर्ड काढून देतो म्हणतो. पैसे द्यावेत का? - एक बहीण, शिवोली

उत्तर : ताई, कॉल रेकॉर्डसाठी एक रुपयाही देऊ नका. ते चोरून मिळवणं हा गुन्हा आहे. भाऊ राहील बाजूला, तुम्हीच अडकाल. ते रीतसर हवे असतील, तर वकिलांमार्फत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली न्यायालयात अर्ज करावा लागतो.

गुप्तहेर नेमणं बेकायदा नाही. पण आपल्याकडे त्याला पोलिसांसारखे कसलेच अधिकार नसतात. नेमलात तर वकिलांच्या सांगण्यावरून, लेखी काम ठरवून नेमा. फिर्यादीच्या घरी त्याला मुळीच पाठवू नका. साक्षीदारावर दबाव आणल्याचा आरोप झाला, तर भावाचा जामीन धोक्यात येईल.

खरं काम बाजारातच आहे, आणि ते आजच करा! सुपाऱ्यांचे घोस, नारळ कुणाकडून घेतले? पैसे फोनवरून दिले असतील तर त्यात मिनिटासकट वेळ असते. समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यातलं जुनं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. ते जपून ठेवायची विनंती दुकानदाराला लेखी करा, पोच घ्या. प्रत घेताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे, ती कोणत्या यंत्रातून, कशी काढली याचं प्रमाणपत्र लागतं. त्याचा मसुदा वकिलांकडून आधीच करून घ्या. फळं विकणाऱ्या बाईंनाही भेटा. नेहमीचं गिऱ्हाईक त्यांच्या लक्षात असतं.