गडचिरोलीसारख्या ठिकाणच्या छोट्या विद्यापीठात पीएच.डी. करावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर एटापल्लीकडचं, घरात माडिया बोलतात, एम.ए. समाजशास्त्र पुण्यात झालं. आता पीएच.डी. पुण्यातच करायची की गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठात? आणि छोट्या विद्यापीठात आपल्यासारख्याला खरंच जागा असते का?

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. माझं उत्तर स्पष्ट आहे. विषय गावाकडचा असेल, तर इकडे या. विषय पुण्याकडचा असेल, तर केवळ घर जवळ पडतं म्हणून येऊ नका.

आधी 'तिकडे कसलं संशोधन होणार' या शंकेबद्दल. गोंडवाना विद्यापीठ २०११ साली नागपूर विद्यापीठातून वेगळं झालं. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोनच जिल्हे त्याच्याकडे आहेत. वय कमी, मनुष्यबळ कमी, हे खरंच आहे. पण या मातीत संशोधन होत नाही असं कोणी म्हणालं तर त्याला वसा आणि अमिर्झा ही गावं सांगा. या दोन गावांतल्या बायकांच्या आजारांवर डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी केलेला अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आला. नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचं त्यांचं काम १९९९ साली तिथेच छापून आलं, आणि पुढे देशभर आशा ताईंच्या कामात गेलं. ते काम विद्यापीठाचं नव्हतं, त्यांच्या 'सर्च' या संस्थेचं होतं. पण प्रश्न गावातून उचलला आणि उत्तर गावाला परत दिलं, हे त्यांना जमलं. विद्यापीठानेही ते करावं असं मला मनापासून वाटतं.

इथे जवळ राहण्याचा फायदा कसा होतो ते एका उदाहरणाने सांगते. आमच्याकडची एक माडिया विद्यार्थिनी वनहक्क मिळालेल्या गावांच्या उत्पन्नावर काम करत होती. प्रश्नावली नेहमीचीच, त्यात 'कुटुंबाचे मासिक उत्पन्न' असा रकाना. मे महिन्यात ती तेंदूच्या फळीवर, म्हणजे पानं मोजून घेतात त्या जागी गेली. सत्तर पानांचा एक पुडा, पुडे ओळीने उन्हात मांडलेले, हिशेब चालू. तिने एका आजीला महिन्याची कमाई विचारली. आजी म्हणाल्या, महिन्याचं कसं सांगू बाई? पानाचे पैसे या दहा-पंधरा दिवसांचे, त्याआधी मोह, धान निघतं दिवाळीनंतर, मधे कुठे बांबू. बाराने भागून काढलेला आकडा कोणाच्याच घरात नव्हता. पोरीने तो रकाना काढून टाकला आणि हंगामवार तक्ता केला: मोह, तेंदू, बांबू, धान, रोजगार हमी. तिचं अख्खं प्रकरण त्या तक्त्यावर उभं राहिलं. आजी तिच्याशी माडियात बोलल्या, म्हणून हे कळलं. मराठीत विचारलं असतं तर त्यांनी काहीतरी आकडा सांगून मोकळं केलं असतं.

आता जागेचं. प्रवेशापुरती जागा नियमाने मिळते. अनुसूचित जमातींना पात्रतेच्या गुणांत ५ टक्के सवलत आहे, आरक्षण आहे. २०२२च्या यूजीसी नियमांनुसार महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना मुदतीत दोन वर्षांची जास्तीची सूट आहे, बाळंतपणासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. हे सगळं मागून घ्या, कोणी उपकार करत नाही.

अडतं ते आत आल्यावर. इथल्या वर्गात मराठी ही अनेकांची दुसरी भाषा. सिरोंच्याची मुलं तेलुगू बोलतात, मुलचेऱ्याकडची बरीचशी बंगाली, भामरागडची माडिया. संशोधनाचा आराखडा समितीपुढे मांडताना असा विद्यार्थी थांबून, शब्द शोधत बोलतो. मी एका ठिकाणी अशा सादरीकरणाला हजर होते. मुलाला आपल्या गावच्या ग्रामसभेचे ठराव तारखांसकट पाठ होते, आणि शेरा मिळाला, 'अभिव्यक्ती सुधारा.' तो शेरा मला आजही बोचतो. विषयाची पकड आणि भाषेची सफाई या दोन गोष्टी वेगळ्या मोजायला हव्यात, आणि हे सांगायला समितीत माडिया किंवा गोंडी जाणणारं एक तरी माणूस बसायला हवं. माडिया गोंड ही राज्यातल्या तीन अति असुरक्षित जमातींपैकी एक, बाकी दोन कातकरी आणि कोलाम. त्यांच्यावर प्रबंध पुष्कळ लिहिले गेले. त्यांनी लिहिलेले किती, हे तुम्हीच 'शोधगंगा' या प्रबंधांच्या संकेतस्थळावर पाहा.

अंतराचाही विचार करा. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं. फॉर्मची शेवटची तारीख मात्र पुरासाठी थांबत नाही. जुलै-ऑगस्टमधली कामं गडचिरोलीत खोली घेऊनच करावी लागतील असं धरून चाला.

पैशांचं रोखठोक सांगते. नेट-जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती, असेल तर महिन्याला ३७ हजार, कुठेही शिका. नसेल, तर केंद्रीय विद्यापीठांत मिळणारे ८ हजार राज्य विद्यापीठात मिळत नाहीत. तुमच्यासाठी खरा आधार म्हणजे अनुसूचित जमातींची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती, वर्षाला ७५० जागा. तिचा अर्ज आणि जात वैधता प्रमाणपत्र ही दोन कामं प्रवेशाच्या आधीच सुरू करा. पैसे उशिरा येतात, सगळीकडेच, तेव्हा सहा महिन्यांची तजवीज हवी.

ग्रंथालयाची भीती मात्र आता बरीच कमी झाली आहे. जानेवारी २०२५ पासून 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजनेत सरकारी संस्थांना तीस प्रकाशकांची जवळपास १३ हजार नियतकालिकं खुली झाली. पुण्यातला विद्यार्थी जो निबंध उघडतो, तो इथेही उघडतो. जुनी मराठी पुस्तकं, गॅझेटियर, यांच्यासाठी नागपूर-पुण्याची वारी करावी लागेलच.

सगळ्यात मोठी अडचण गाइडची. नियमाने प्राध्यापकाला आठ, सहयोगीला सहा आणि सहायकाला चार विद्यार्थी घेता येतात, आणि गाइड कायम नोकरीतला लागतो. तासिका तत्त्वावरचे शिक्षक कितीही तयारीचे असले तरी चालत नाहीत. भरती रखडली की आधी पीएच.डी.च्या जागा आटतात. छोट्या विद्यापीठात एखाद्या विषयात दोन-तीनच गाइड असतात, म्हणून एक निवृत्त झाला तरी फरक पडतो.

तेव्हा अर्जाआधी गाइडला प्रत्यक्ष भेटा. त्यांच्याकडे जागा किती शिल्लक आहेत आणि निवृत्ती कधी, हे संकोच न करता विचारा. मुलाखती माडियात घेऊन मूळ संवाद देवनागरीत परिशिष्टात जोडू द्याल का, हेही विचारा. याला ते लगेच 'हो, जोडा की' म्हणाले, तर पुण्याची खोली सोडायला हरकत नाही.