मॅडम, जाडपणा व्हायरसनं येतो का?

हा प्रश्न इतक्यांदा आलाय की समोरची बाई पर्समधून मोबाईल काढायला लागली की मी ओळखते, व्हिडिओ दाखवणार. लातूरला क्लासला ठेवलेल्या पोरीची आई विचारते, रूममेट जाड आहे, एका ताटात जेवल्या तर हिला लागेल का. कुणाला टेस्ट पाहिजे, कुणाला औषध. म्हणून एका ताईंचं सांगते, ओळखीच्या खुणा बदलून.

परभणीकडच्या, जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. बसल्या बसल्या मोबाईल पुढे केला. "बघा मॅडम, लई कमी खाते मी, तरी वजन कामून वाढतंय? व्हायरसच असंल."

विषय माझा वाचलेला, त्यामुळं मला जरा हुक्कीच आली. सांगितलं, ताई, ही गोष्ट आपल्या मुंबईतूनच सुरू झालीय. 1980 च्या दशकात कोंबड्यांत एका विषाणूची साथ आली, डॉ. अजिंक्य नावाच्या पशुवैद्यकांनी बघितलं तर मेलेल्या कोंबड्यांच्या पोटात चरबीच चरबी. आता आजारी कोंबडी वाळायला पाहिजे ना! वजनाचे पेशंट बघणाऱ्या डॉ. निखिल धुरंधरांनी तो धागा धरला, 52 जाड पेशंटचं रक्त तपासलं, 10 जणांत त्या विषाणूच्या अँटीबॉडी, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची रक्तातली खूण, निघाल्या. पुढं ते अमेरिकेला गेले, तिथं माणसातला अ‍ॅडिनोव्हायरस 36 हा विषाणू अभ्यासाला घेतला. 2005 मध्ये 502 लोकांचा अभ्यास आला, जाड लोकांपैकी 30 टक्क्यांत अँटीबॉडी आणि बाकीच्यांत 11 टक्के.

"म्हणजे खरंच हाय!" ताई सरसावल्या.

"थांबा. तो होऊन गेला तरी जाड न झालेले आहेत, आणि 70 टक्के जाड लोकांत त्याची खूणच नव्हती. काही अभ्यासांत तर संबंधच दिसला नाही. कोंबडीला, उंदराला टोचून बघता येतं, माणसाला मुद्दाम कोण टोचणार?"

लेक्चर मस्त झालं असं मला वाटलं. पुढच्या वेळी ताई आल्याच नाहीत.

महिन्यानं आल्या तेव्हा मी शहाणी झाले होते. एवढंच विचारलं, "व्हायरस निघाला असता तर पहिलं कुणाला सांगितलं असतं?"

"सासूबाईला." लगेच.

"आणि नाही निघाला तर?"

बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. "मग मी हावरटच की."

मग डब्याचं निघालं. सगळ्यांसमोर अर्धीच भाकरी खायची, सासूबाईची नजर ताटावर म्हणून. रात्री सगळे झोपले की लाईट न लावता ओट्यापाशी उभं राहून शेंगदाण्याचं कूट आणि गूळ. स्टीलच्या डब्याचं झाकण वाजू नये म्हणून पदरात धरून उघडायचं. "चोरी केल्यासारखं वाटतं मॅडम, सोताच्या घरात."

तिथं माझ्या डोक्यात उजेड पडला. बाईला कारण नको होतं, सुटका पाहिजे होती, आणि मी तिच्यापुढं टक्केवारी मांडत बसले होते. जाडपणापेक्षा त्याला चिकटवलेला अर्थ माणसाला जास्त खातो, हे मी वर्षानुवर्षं सांगतेय आणि ऐन वेळी मीच विसरले.

"लेकरू गणितात चुकलं तर काय म्हणता?"

"म्हणते हा धडा कच्चा राहिला."

"लेकरूच कच्चं म्हणत नाही?"

"नाही ओ, असं कसं म्हणायचं..." आणि बोलता बोलता थांबल्या. डोळे भरले, हसूही आलं. वीस वर्षं झाली मला या खुर्चीत, पण असा क्षण आला की अजून अंगावर काटा येतो.

बाकी विचारणाऱ्यांना सांगते. या व्हायरसची टेस्ट करत फिरू नका, त्यावर लस किंवा औषध बाजारात नाही, कुणी विकत असेल तर पैसे वाचवा. थायरॉईड, शुगर, पाळीची तक्रार, चालू असलेल्या गोळ्या (स्टेरॉईडनं वजन वाढतं) हे डॉक्टरला दाखवा. दिवसा उपाशी राहिलं की रात्री डबा उघडणारच, त्याला हावरटपणा म्हणू नका, भूक म्हणा. आणि त्या रूममेटचं ताट वेगळं करायला पोरीला अजिबात सांगू नका, अँटीबॉडी म्हणजे संसर्ग कधीतरी होऊन गेल्याची खूण, आणि तो बारीक माणसालाही झालेला असतो.

ताईंचं वजन चार महिन्यांत दोन किलो उतरलं, फार नाही. पण दीड भाकरी सगळ्यांत बसून खातात. परवा फोन आला होता, सासूबाईंनी विचारायला लावलं म्हणे, त्या व्हायरसची लस निघाली का, त्यांचेही गुडघे लई दुखतात.