हिरड्यांतलं रक्त आणि मनाची गोळी

प्रश्न : डॉक्टर, आमच्या ह्यांचं वय ६४. दिवाळीनंतर हार्ट अटॅक आला, मिरजेत स्टेंट बसवला. रक्त पातळ व्हायच्या दोन गोळ्या चालू आहेत. पण माणूस पार खचला. खरड छाटणीलाही बागेत गेले नाहीत, भिंतीकडं तोंड करून पडून असायचे. मग उदासीवरची गोळी, सर्ट्रालीन, सुरू झाली. आता बागेत जातात, पण दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं, दंडावर काळेनिळे डाग दिसतात. जाऊबाई म्हणतात, डोक्याच्या गोळीनं हृदय बिघडतं. बंद करू का?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : ताई, तिन्हींतली एकही गोळी आपल्या मनानं बंद करू नका. स्टेंटच्या गोळ्या तर नाहीच. त्या सुटल्या की स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते.

सर्ट्रालीन काम करते सेरोटोनिन नावाच्या रसायनावर. सेरोटोनिन म्हटलं की लोक डोक्याकडं बोट दाखवतात. खरं तर त्यातलं ९० टक्क्यांहून जास्त आतड्यात तयार होतं. १९४८ मध्ये ते वेगळं काढलं तेही रक्ताच्या सीरममधून, रक्तवाहिन्या आवळणारा पदार्थ म्हणून. रक्तातल्या प्लेटलेट ते शोषून बेदाण्याच्या पेटीसारखं भरून ठेवतात आणि जखम झाली की तिथं ओततात. मग गुठळी पटकन धरते. सर्ट्रालीन हे शोषणं मेंदूत अडवते, तसं प्लेटलेटमध्येही. पेट्या रिकाम्या, त्यात दोन गोळ्या रक्त पातळ करणाऱ्या. डाग पडणारच.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी विचारतो : गुडघ्यासाठी मेडिकलमधून डायक्लोफिनॅक ही दुखण्यावरची गोळी आणतात का? बागायतदाराचे गुडघे मला ठाऊक आहेत! असेल तर ती आजच थांबवा. सर्ट्रालीन आणि ती अशा जोडीनं पोटातून रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो, आणि अटॅक येऊन गेलेल्या हृदयालाही ती गोळी वाईट. याच आठवड्यात डॉक्टरांना भेटून हिमोग्लोबिन तपासा, पोट सांभाळणारी गोळी हवी का ते विचारा. शौचाला डांबरासारखी काळी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

जाऊबाईंची भीती हवेतली नाही. सेरोटोनिनवरच काम करणारी, भूक मारणारी फेनफ्लुरामाइन ही गोळी हृदयाच्या झडपा खराब करते म्हणून १९९७ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून काढली. सर्ट्रालीनच्याच जातीच्या सिटालोप्राम या गोळीचा डोस जास्त झाला तर ठोक्यांची लय बिघडू शकते. साठीनंतर २० मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. सर्ट्रालीन मात्र अटॅक आलेल्या रुग्णांवरच तपासली गेली. २००२ मध्ये निष्कर्ष छापून आले. हृदयाच्या पंपाला त्रास दिसला नाही.

ब्रश मऊ घ्या. दात काढायची वेळ आली तर डेंटिस्टला सगळ्या गोळ्यांची पाकिटं दाखवा, गुडघ्याचंसुद्धा.